पनवेलच्या गाडीला माझा विरोध होता

पनवेल–कर्जत लोकल होऊ नये, असं माझं ठाम मत होतं. ते मी कुणापासून लपवलं नव्हतं. सभेत बोलले, निवेदन लिहिलं, दारोदार फिरून त्यावर सह्या घेतल्या. आज तेच निवेदन कुणी माझ्यापुढे ठेवलं तर मी सही करणार नाही. ज्यांनी माझ्या शब्दाखातर सह्या केल्या त्यांना निदान कारण कळायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

मार्ग मोठा नाही. पनवेल, चिखले, मोहोपे, चौक आणि कर्जत अशी पाच स्थानकं, लांबी 29.6 किलोमीटर. वाटेत तीन बोगदे. त्यातला वावर्ल्याचा 2625 मीटरचा, म्हणजे ठाण्यापुढच्या पारसिक बोगद्याच्या जवळजवळ दुप्पट. एकेरी रूळ इथे आधीपासून आहेत. त्यांच्यावरून मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या काही मोजक्या गाड्या जातात. लोकलसाठीच्या मार्गाला 2016 साली एमयूटीपी या मुंबईच्या वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात मंजुरी मिळाली. हे लिहीत असताना काम शेवटाला आलं आहे.

माझी तक्रार रुळांबद्दल नव्हती, त्यांच्या पाठोपाठ जे येतं त्याबद्दल होती. नोकरीची सगळी वर्षं मी कर्जत ते व्हीटी असा प्रवास केला. व्हीटीचं सीएसटी झालं, सीएसएमटी झालं, तरी आमच्या डब्यात ती व्हीटीच राहिली. खिडकी मिळाली की बाहेर बघत बसायचं. बदलापूरच्या अलीकडे-पलीकडे भातखाचरं होती, ती डोळ्यांदेखत गेली. मग वांगणी, मग शेलू, मग नेरळ. आधी बांधावर बिल्डरचा फलक लागायचा. त्यावर पोहण्याचा तलाव आणि हसणारं गोरंगोमटं कुटुंब. पुढच्या पावसाळ्यात त्या खाचरात लावणी नसायची. त्याच्या पुढच्या वर्षी लोखंडी सळ्या दिसायच्या. ही रांग कर्जतच्या वेशीपाशी थांबावी असं मला वाटे. कल्याणच्या बाजूने येणारं थोपवणं आपल्या हातात नाही, पण पनवेलच्या बाजूने आणखी एक दार कशाला उघडायचं? ‘गाव गावच राहू द्या,’ असं मी सभेत म्हणाले होते. टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या वाजवणारे बहुतेक माझ्यासारखेच होते, म्हणजे कधीतरी मुंबईहून इथे राहायला आलेले. ही गोष्ट मला तेव्हा दिसायला हरकत नव्हती.

मी गिरगावातल्या चाळीत वाढलेली. 1981 साली लग्न होऊन कर्जतला आले. त्याच वर्षी कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, त्यामुळे माझ्या कागदपत्रांत दोन्ही नावांचा घोळ बरीच वर्षं चालला. माहेरी हे स्थळ फारसं कुणाला पसंत नव्हतं. “तिथून रोज ऑफिसला येणार? अगं, शंभर किलोमीटर आहे ते!” असं आई म्हणाली. ते अक्षरशः खरं होतं. कर्जत मुंबईपासून शंभर किलोमीटरच आहे. पण सासरे रेल्वेत, घर स्टेशनच्या जवळ, आणि मुलगा निर्व्यसनी. जमलं.

सासरे, आमचे अण्णा, घाट सेक्शनला ड्रायव्हर होते. कर्जतला राहून ‘घाट’ हा शब्द नुसता उच्चारला तर तो बोरघाटच असतो. पहिल्याच आठवड्यात रात्री दोन वाजता दार वाजलं आणि मी घाबरून उठले. कॉलबॉय वही घेऊन आला होता. अण्णांना ड्युटीवर बोलवायला. अण्णांनी कंदिलाच्या उजेडात वहीत सही केली, डबा घेतला आणि गेले. सासूबाई कूससुद्धा बदलल्या नाहीत. मला पुढे ती सवय झाली, आणि मागून इंजिन लागताना गाडीला बसणारा धक्का अंथरुणातून ऐकून “पुण्याची गेली” असं म्हणण्याइतकी मी कर्जतकर झाले.

घाटाचं गणित मला अण्णांनी समजावलं. पळसदरीपाशी चढ सुरू होतो तो लोणावळ्यापर्यंत, साधारण पंचवीस किलोमीटर. एवढ्यात गाडी 1831 फूट वर जाते. काही ठिकाणी दर 37 फुटांना एक फूट चढ आहे, जो रस्त्यावर चालताना कुणाला जाणवणारही नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर असताना तो भयंकर असतो. म्हणून पुढचं इंजिन ओढतं आणि मागून आणखी दोन-तीन इंजिनं ढकलतात. या मागच्या इंजिनांना बँकर म्हणतात. अण्णांनी उमेदीची वर्षं ‘खेकड्या’वर काढली. 1929 च्या सुमाराला कल्याण–पुणे मार्गावर वीज आली तेव्हा घाटासाठी ही हिरवी, पुढे-मागे लांब नाकाडांची इंजिनं आणली होती. चालताना ती अशी कण्हत असत की ऐकणाऱ्याला वाटावं, आता यांचं काही खरं नाही. “चढाचं कौतुक लोक करतात,” अण्णा म्हणायचे, “उतार बघा म्हणावं.” उतरताना मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी, जांब्रुंग अशी घाटातली स्थानकं लागतात. तिथे ना गाव, ना बाजार. फक्त रूळ सांभाळणारी माणसं आणि माकडं. वाटेत कॅच साइडिंग असतात. गाडी ताब्यात आहे हे ड्रायव्हरने थांबून दाखवलं, की मगच मुख्य मार्गाचा सांधा जुळतो. ब्रेक निकामी झालेली गाडी आपोआप चढणीच्या आडरुळावर जाते आणि तिथे तिचा वेग संपतो. अण्णांच्या सगळ्या नोकरीत त्यांची गाडी कधी त्या आडरुळावर गेली नाही. हे ते अभिमानाने सांगायचे, आणि सांगताना लाकडी खुर्चीच्या हाताला बोट लावायचे.

कर्जत रेल्वेने घडवलं, असं सगळे म्हणतात. मीही म्हणत असे. पण रेल्वेला कर्जत नको होतं, तिला घाट ओलांडायचा होता. 1853 च्या एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली आणि 1854 मध्ये ती कल्याणला पोहोचली. 1856 मध्ये रूळ खोपोलीपर्यंत आले आणि सह्याद्रीच्या भिंतीशी थबकले. वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग 1858 मध्ये सुरू झाला. मधला घाट लोक पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी चढत. एक रेल्वे खाली, एक वर, आणि मध्ये भोई. आज ‘मल्टिमोडल’ म्हणतात ते हेच असावं.

घाटाच्या कामावर 1861 च्या सुमाराला बेचाळीस हजारांपर्यंत माणसं होती. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, सगळं सुरुंग, पहार आणि टोपलीवर. पटकीच्या साथी आल्या; दरीत दोराला लोंबकळून कड्यात सुरुंगाची भोकं पाडणारी माणसं पडली. मेले किती याचा नीट हिशेब कुणी ठेवला नाही. ते हजारोंनी होते. मजुरीवरून 1859 च्या सुरुवातीला मजुरांनी दंगाही केला. पहिला ठेकेदार फेव्हिएल काम सोडून गेला. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच दगावला. ठेका त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, चालवला आणि दोन इंजिनिअरांच्या मदतीने काम तडीला नेलं. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली घाट पुरा झालेला बघायला जगला नाही. तो 1862 मध्ये वारला. 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी घाटाचं उद्घाटन केलं. आमच्या भागात मात्र या साहेबांपेक्षा शिंग्रोबाचं नाव जास्त घेतात. घाटाची वाट साहेबाला एका धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी ती कथा. जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे आणि ट्रकवाले अजून तिथे नाणं टाकतात. कथेला कागदाचा आधार असो-नसो, घाटातल्या माणसांना साहेबाच्या कृतज्ञतेबद्दल काय वाटत होतं ते तिच्यात नेमकं आलं आहे.

घाट झाल्यावर खोपोलीचा मार्ग फाटा म्हणून उरला. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. एकेरी रूळ, पंधरा किलोमीटर. ती गाडी चुकली की पुढचीची वाट बघण्यात अर्धी संध्याकाळ जाते. आणि कर्जत घाटाच्या पायथ्याचं ठाणं झालं. लोको, रनिंग रूम, क्वार्टर्स, मग त्यांना दूध घालणारे गवळी, मग किराणा, मग शिंपी. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबू लागल्या त्या बँकर जोडायला. कर्जतच्या माणसाला चढता-उतरता यावं हा त्यामागचा हेतू नव्हताच. कित्येक गाड्या आपल्यासमोर उभ्या असतात आणि तरी त्यांचं कर्जतचं तिकीट मिळत नाही. वेळापत्रकाच्या लेखी ती गाडी इथे थांबलेलीच नसते. फलाटावर उभं राहून समोरच्या गाडीच्या खिडकीतल्या माणसाशी गप्पा माराव्यात, पण गाडीत पाय ठेवता येऊ नये, हा अनुभव घाटाखालच्या माणसालाच असतो.

त्या दोन-तीन मिनिटांवर मात्र कर्जतने आपला एक धंदा उभा केला. दिवाडकरांचा वडा मुंबई–पुणे प्रवास करणाऱ्या कुणाला सांगायला नको. गाडी थांबायच्या आत टोपल्या दाराशी पोहोचलेल्या असतात, कारण सुटायला फार वेळ नसतो. सुटे पैसे, पाव, लसणीची चटणी, सगळं हातांना पाठ. बँकर लागल्याचा धक्का ही विक्रेत्यांची घंटा. अलीकडे काही गाड्यांना पुढे-मागे दोन्हीकडे इंजिन लावून घाट चढवण्याचे प्रयोग झाले. तेव्हा प्रवाशांची वेळ वाचली म्हणून वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. फलाटावरच्या वडेवाल्याचं काय वाचलं, हे मी तेव्हा एका पत्रात विचारलं होतं. ते पत्र छापून आलं नाही.

मी स्वतः मात्र फलाटाच्या दुसऱ्या बाजूची, लोकलवाली. सकाळी कर्जतला गाडी रिकामी मिळते, हे आमचं सगळ्यात मोठं ऐश्वर्य. बदलापूरला डब्यात शिरणाऱ्या बायका आमच्याकडे जमीनदाराकडे बघावं तशा बघत. त्यांचा राग रास्त होता. त्या दीड तास उभ्या राहणार आणि आम्ही कर्जतपासून बसून आलेल्या. शेवटी आमच्या डब्यात ठरून गेलं की ठाण्याला उठायचं आणि उभीला बसवायचं. हे नियमात कुठे नाही. मोडणारीशी आठवडाभर कुणी बोलायचं नाही एवढीच शिक्षा. त्या डब्यात मी स्वेटर विणले, मेथी निवडली, मुलीचा अभ्यास घेतला (तपासायच्या वह्या पिशवीत असायच्या), दसऱ्याला तोरणं बांधली, एकीचं डोहाळजेवण केलं. एकदा ठाण्याला उतरायचं विसरून दोघी भांडत भायखळ्यापर्यंत गेल्या होत्या. परतताना कल्याण गेलं की डबा मोकळा होई, वारा गार लागे आणि भिवपुरी रोडच्या आसपास भाताचा वास येई. मला जपायचं होतं ते कर्जत हे होतं. संध्याकाळी साडेसातनंतरचं, परत आलेल्या माणसाचं.

दिवसाचं कर्जत मी पाहिलंच नव्हतं. रविवार सोडला तर मी उजाडताना निघत होते आणि अंधारात येत होते. निवृत्त झाले तेव्हा कुठे सकाळी अकरा वाजता बाजारात गेले आणि हे गाव कामाच्या वेळी कसं दिसतं ते कळलं.

खरं म्हणजे अण्णांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. नवीन मार्गाची बातमी आली तेव्हा ते नव्वदीला टेकले होते. मी निवेदनाचा मसुदा त्यांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “सूनबाई, आलेली गाडी जास्त झाली असं म्हणणारा माणूस मी आजवर पाहिला नाही.” यावरून माझं मत पालटलं असं लिहिता आलं असतं तर गोष्ट छान जमली असती. तसं काही झालं नाही. म्हातारा माणूस, रेल्वेचं मीठ खाल्लेला, तो असंच म्हणणार, असं मी मनात म्हटलं आणि सह्या गोळा करायला गेले.

मत हललं ते अण्णा गेल्यावर, वारसाच्या कागदांसाठी मला अलिबागला जावं लागलं तेव्हा. आमचा जिल्हा रायगड, जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग. सगळा जन्म आमची गाडी ठाणे जिल्ह्यातून मुंबईला जाते, आणि आमचा कलेक्टर भलत्याच दिशेला बसतो. कर्जतहून खोपोलीची लोकल धरा, खोपोलीहून एसटीने पेण, पेणहून अलिबाग. नाहीतर चौकमार्गे पनवेल, आणि तिथून पुढे. कागदावर एक शिक्का राहिला की पुन्हा तेच. मी पेन्शनर, वेळ होता, पैसे होते. माझ्या शेजारी एसटीत ठाकरांच्या एका वाडीवरची बाई होती, जातीच्या दाखल्यासाठी निघालेली. तिची दिवसाची मजुरी बुडाली होती आणि ती माझ्यासारखी चरफडतही नव्हती, कारण असंच असतं हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

मग मला एकेक दिसू लागलं. आमच्या गल्लीतली एक मुलगी पनवेलच्या पलीकडे नर्सिंग शिकते. शेअर रिक्षा, एसटी, पुन्हा शेअर रिक्षा. पावसात एसटी आली नाही की त्या दिवशीचं प्रॅक्टिकल बुडतं. लोकलने जायचं तर कर्जतहून थेट ठाण्याला जायचं, तिथून ट्रान्सहार्बरने परत खाली पनवेलला यायचं. म्हणजे हात डोक्यावरून फिरवून नाकाला लावायचा. मुंबईला नोकरी असणाऱ्यासाठी कर्जत दोन तासांवर आहे. पनवेलला काम असणाऱ्यासाठी, जे नकाशावर अगदी जवळ आहे, ते कुठेच नाही.

पावसाच्या तोंडाला शेवळं आणि मग टाकळा, कुरडू, करटोली घेऊन स्टेशनबाहेर बसणाऱ्या बायकांपैकी एकीशी माझी जुनी ओळख. तिला मी मोठ्या खात्रीने म्हटलं, की बघ, ती गाडी झाली की तुमचा डोंगर राहणार नाही. ती म्हणाली, “चौकला थांबंल ना वो ताई?” तिला पनवेलच्या बाजारात शेवळांना काय भाव मिळतो ते ठाऊक होतं. मला नव्हतं.

तेव्हा घरी येऊन मी जुन्या गोष्टी पुन्हा जुळवून पाहिल्या, आणि त्यांतून निघालेलं मला आवडलं नाही. 1915 साली खोपोलीला टाटांचं वीजघर सुरू झालं, 1922 साली भिवपुरीला. डोंगरावरच्या तळ्यांचं पाणी आमच्या उरावरून खाली येतं आणि वीज मुंबईला जाते. गिरण्या त्यावर चालल्या. 1942 च्या आंदोलनात माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने या विजेच्या तारा वाहून नेणारे मनोरे पाडले, कारण मुंबईचा पुरवठा कुठून तोडता येतो हे इथल्या माणसाला बरोबर माहीत होतं. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. वाड्यांवर वीज यायला त्यानंतर किती काळ गेला ते वाडीवरच्या माणसांना विचारा. गाड्यांचं तेच. घाट पुण्यासाठी, लोकल मुंबईसाठी. नेरळहून माथेरानची छोटी गाडी 1907 मध्ये झाली तीही हवा खायला येणाऱ्यांसाठी. दीडशे वर्षांत या तालुक्यातून जे रूळ गेले त्यांत इथल्या माणसाला इथल्याच जिल्ह्यात जाता यावं म्हणून टाकलेले कोणते? पनवेलचा मार्गही काही आमच्या प्रेमाने होत नाही, हे मला कळतं. कल्याणवरचा भार हलका करायचा आहे, नवी मुंबईचा विमानतळ आहे, जागा विकायच्या आहेत. पण तो जातो आहे तो चौकमधून पनवेलला, रायगडातून रायगडात. वावर्ल्याच्या बोगद्यातून मुंबईची गर्दी इकडे येईल ही माझी भीती. नर्सिंगवाली मुलगी त्याच बोगद्यातून तिकडे जाईल, हा हिशेब मी मांडलाच नव्हता.

आणि ‘गाव गावच राहू द्या’ म्हणणारी मी कोण? व्हीटीहून रोज पगार घरी आणणारी, संध्याकाळच्या गार वाऱ्यासाठी गाव हवं असलेली. माझी मुलगी पुण्यात आहे. ती बँकर लागलेल्या गाडीने कधीच घाट चढून गेली. ज्यांची मुलं इथे राहणार आहेत त्यांनी दोन दिशांना नोकरी शोधू नये, एकाच दिशेला शोधावी, आणि तेही मला शांत वाटावं म्हणून, हे मला आता सभेत बोलता येणार नाही.

माझी भीती खोटी होती असं मात्र मी म्हणत नाही. बिल्डर येतील, आले आहेतच. एक एक शेतकरी जमीन विकून पैसे घेतो, गाडी घेतो, लग्न लावतो, आणि पाच वर्षांनी त्याच जमिनीवरच्या फार्महाऊसच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला दिसतो, पहारेकऱ्याच्या गणवेशात. कर्जत हे भाताचं गाव आहे. इथल्या संशोधन केंद्राने काढलेली ‘कर्जत-184’, ‘कर्जत-3’, ‘कर्जत-7’ ही वाणं कोकणभर पेरतात. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्याने पेज नदी उन्हाळ्यातही वाहते आणि राजनाल्याच्या कालव्यावर दुसरं पीक निघतं. कोकणात उन्हाळी भात ही काही रोजची गोष्ट नाही. ते खाचर एकदा भरणी टाकून बुजवलं की परत होत नाही.

दुसरं, उल्हास नदी. इमारती नदीकाठाला उठतात कारण जाहिरातीत ‘रिव्हर व्ह्यू’ लिहिता येतं. 26 जुलै 2005 ला ही नदी काय करू शकते ते कर्जतपासून बदलापूरपर्यंत सगळ्यांनी पाहिलं. 2019 च्या जुलैत बदलापूर–वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस हजाराहून अधिक प्रवाशांसह पाण्यात अडकली आणि माणसं होड्यांनी बाहेर काढावी लागली. त्याच वर्षी घाटातही मंकी हिल–नागनाथ भागात मार्ग खचला. ज्या रेल्वेला दीडशे वर्षांचा अनुभव आहे तिची ही गत, तर काल आलेल्या गृहसंकुलाची काय कथा.

पण याला उत्तर गाडी अडवणं हे नाही. पूररेषेच्या आत परवानगी देऊ नका, कालव्याखालची जमीन बिगरशेती करू नका, ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांना स्टेशनपर्यंत रस्ता द्या, या मागण्या वेगळ्या आहेत आणि त्या नगरपरिषदेकडे, तहसीलदारांकडे, जिल्ह्याकडे करायच्या आहेत. त्या करायला वेळ लागतो, कागद लागतात, अलिबागला खेपा घालाव्या लागतात. गाडी नको म्हणणं सोपं होतं. एका निवेदनात भागलं.

नवं निवेदन मी लिहिलं आहे. त्यात गाडी लवकर सुरू करा, चौकला पहाटे आणि रात्री पुरेशा गाड्या ठेवा, आणि पूररेषा जाहीर करून ती जागेवर खांब रोवून दाखवा, अशा मागण्या आहेत. जुन्या सह्यावाल्यांकडे पुन्हा येणार आहे, दार उघडा.

आणि इथे घर घ्यायचं मनात असलेल्यांना एक सांगते. फ्लॅट बघायला डिसेंबरात येऊ नका, तेव्हा कर्जत सगळ्यांनाच आवडतं. जुलैत या, धो धो पाऊस असताना, लोकलने या, आणि बिल्डरच्या माणसाऐवजी तिथल्या जुन्या रहिवाशाला विचारा की 2005 साली पाणी कुठवर आलं होतं. तो हात वर करून दाखवील. त्या हाताच्या खाली घर घेऊ नका.